कोणाला दिले आणि काय दिले : इंग्रजीतील दोन कर्मांची कुळकथा



व्याकरण हा शब्द कानी पडला की सभेतील निम्मी मंडळी मनाने शाळेच्या बाकावर जाऊन बसतात आणि उरलेली निम्मी दाराकडे पाहू लागतात. त्यात विषय इंग्रजीच्या व्याकरणाचा आणि दिवस वसंत ऋतूचे ! तरी आपण थोडा धीर धरावा अशी माझी विनंती आहे. आज मला कोष्टके पाठ म्हणून दाखवावयाची नाहीत. मला एका व्यवहाराची हकीकत सांगावयाची आहे. हा व्यवहार माणूस शेती करू लागण्याच्याही आधीपासून करीत आला आहे. तो म्हणजे देणे आणि घेणे. एकाने दुसऱ्याला काही दिले, ही साधी गोष्ट भाषेत कशी मांडावयाची, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक भाषेला सोडवावा लागला आहे. इंग्रजीने तो एका तऱ्हेने सोडविला, संस्कृताने दुसऱ्या आणि आपल्या मराठीने तिसऱ्या. ह्या तीन तऱ्हांची गल्लत झाली म्हणजे मुलांची इंग्रजी अडखळते, आणि अनेकदा मराठी व्याकरणही त्यांना उगाचच अवघड वाटू लागते.

प्रारंभ आपल्या घरातल्याच एका कागदापासून करू. ह्या परिसरात उसाचे पीक आहे, आणि भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आपल्याच तालुक्यात दत्तात्रयनगरला आहे. तो ज्या पारगावात आहे त्या गावाचे कागदोपत्री पूर्ण नाव 'पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक' असे आहे. उसाचा असो, दुधाचा असो की पतसंस्थेचा असो, बँकेचा धनादेश ज्याने हाती धरला नाही असे घर आज विरळाच. त्या धनादेशावर काय छापलेले असते ? पहिल्या ओळीला इंग्रजीत 'पे' हा शब्द, त्यापुढे नाव लिहिण्याची मोकळी जागा. त्याखाली 'रुपीज' हा शब्द आणि पुढे रक्कम लिहिण्याची जागा. म्हणजे आधी क्रियापद, मग घेणारा, मग दिली जाणारी वस्तू. इंग्रजीतील एक संपूर्ण द्विकर्मक वाक्य आपण त्या कागदावर स्वतःच्या हाताने भरीत असतो. रक्कम हे त्यातले प्रत्यक्ष कर्म आणि ज्याच्या नावे धनादेश आहे ती व्यक्ती हे अप्रत्यक्ष कर्म. ह्या दोन जागांची अदलाबदल केली तर बँक काय म्हणेल, हे मी सांगावयास नको. शाळेत मात्र हीच अदलाबदल वर्षानुवर्षे चालते, आणि मुलाला तिचे कारण सांगणारा क्वचितच भेटतो.

त्याच धनादेशावर इंग्रजीच्या शेजारी हिंदी मजकूरही असतो. तेथे नावाच्या जागेनंतर 'को' हा प्रत्यय छापलेला असतो. इंग्रजीत मात्र नावाच्या मागे किंवा पुढे काहीही नसते. केवळ जागेवरून घेणारा ओळखावयाचा. एक भाषा माणसाच्या अंगावर बिल्ला लावते, दुसरी त्याला ठरलेल्या खुर्चीवर बसविते. आजच्या माझ्या सगळ्या विवेचनाचे सार एवढ्यातच आहे. मात्र हा भेद कसा उत्पन्न झाला, हे इतिहासाच्या आधारानेच समजते.

प्रथम आपल्या जुन्या शास्त्राकडे वळू. पाणिनीने वाक्यातील क्रियेशी ज्यांचा संबंध येतो त्यांना कारके म्हटले. कर्त्याला जे सर्वांत अधिक हवे असते ते कर्म, अशी त्याची कल्पना. आणि त्या कर्माच्या द्वारे कर्ता ज्याच्यापर्यंत पोहोचू पाहतो ते संप्रदान. किती मार्मिक विचार आहे पाहा ! देणारा प्रथम वस्तू हातात घेतो, आणि त्या वस्तूच्या मार्फत दुसऱ्या माणसापर्यंत जातो. इंग्रजी व्याकरणातील 'अप्रत्यक्ष' ह्या शब्दाचा खरा अर्थ हाच आहे. अप्रत्यक्ष म्हणजे दुय्यम नव्हे, कमी महत्त्वाचे नव्हे, डोळ्यांना न दिसणारे तर नव्हेच. अप्रत्यक्ष म्हणजे वस्तूच्या मार्फत ज्याच्याशी संबंध जडतो तो. हे एवढे सांगितले तर त्या रुक्ष शब्दाची अर्धी भीती नाहीशी होते.

पाणिनीने आणखी एक फार मोठे काम केले. संबंध वेगळा आणि त्याची खूण वेगळी, असे त्याने स्पष्ट मानले. कर्म, संप्रदान ही संबंधांची नावे. द्वितीया, चतुर्थी ही खुणांची नावे. सामान्यतः कर्माला द्वितीया लागते आणि संप्रदानाला चतुर्थी. पण नेहमीच नाही. गाईचे दूध काढणे, एखाद्याजवळ मागणे, एखाद्याला विचारणे, सांगणे अशा काही ठरावीक धातूंना संस्कृतात दोन्ही शब्द द्वितीयेत येतात. म्हणजे दोन कर्मे असणारी वाक्ये संस्कृतालाही ठाऊक आहेत. मौज अशी की त्या यादीत 'देणे' नाही. देणे म्हटले की संप्रदान आणि चतुर्थी ठरलेली. इंग्रजीत मात्र दोन कर्मांचे पहिले उदाहरण द्यावयाचे तर ते 'गिव्ह' ह्याच क्रियापदाचे दिले जाते ! संस्कृत शिकलेल्या माणसाला येथे ठेच लागावी हे स्वाभाविक आहे.

आता ह्या खुणांचे पुढे काय झाले ते पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या शेजारी जुन्नर आहे, आणि जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. तेथील सातवाहनांचा लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो. जॉर्ज ब्यूलर ह्या जर्मन पंडिताने त्याचे वाचन १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. त्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेची यादी आहे. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी असे काय काय दिले, त्याचा तो जमाखर्चच आहे. पण व्याकरणाच्या दृष्टीने लेखाचा आरंभ अधिक बोलका आहे. तेथे देवतांना वंदन केले आहे. आपण वहीच्या पहिल्या पानावर 'गणेशाय' लिहितो, कारण संस्कृतात 'नमः' ह्या शब्दाबरोबर चतुर्थी यावी लागते. त्या हिशेबाने नाणेघाटात 'धर्माय', 'इंद्राय' अशी रूपे हवीत. प्रत्यक्षात दगडावर कोरलेले आहे 'धंमस' आणि 'ईदस'. हा 'स' चतुर्थीचा नाही, षष्ठीचा आहे. संस्कृतातील 'धर्मस्य', 'इंद्रस्य' ह्यांतला 'स्य' झिजून तो झाला.

ही कोरणाऱ्याची चूक नव्हे. त्या काळच्या महाराष्ट्रात लोक बोलत होते त्या प्राकृतातून चतुर्थीची खूण गळून पडत चालली होती आणि तिचे काम षष्ठीने पत्करले होते. प्राकृताचा व्याकरणकार वररुची ह्याने तर तसा स्पष्ट नियमच दिला आहे. म्हणजे देण्याचा व्यवहार चालूच राहिला, घेणारे तसेच राहिले, पण त्यांच्या अंगावरचा बिल्ला बदलला.

जुन्नरच्या लेण्यांतील आणखी एक लेख पाहण्याजोगा आहे. चिट नावाच्या एका यवनाने, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी माणसाने, भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. लेखात देणाऱ्याचे नाव षष्ठीत आहे, मंडपाला 'देयधम' म्हणजे धर्मदान म्हटले आहे, आणि ज्याला दिले त्या संघाचा उल्लेख 'संघे' असा सप्तमीत आहे. संघाला दिले असे न म्हणता संघाच्या ठायी दिले, असे तो म्हणतो. एकाच डोंगराळ मुलखात, थोड्याफार अंतराच्या काळात, घेणाऱ्याला कोठे षष्ठी तर कोठे सप्तमी ! चतुर्थी गेली म्हणून कोणाचेही दान अडून राहिले नाही.

आणि ही सप्तमीची तऱ्हा आपल्या तोंडून अजून गेलेली नाही. आपण सहज म्हणतो, "आमची मुलगी घोडेगावला दिली." येथे घोडेगाव हे गाव मुलीचा स्वीकार करणारे नव्हे. ते ठिकाण आहे. "बाळ मावशीकडे दिले" असेही आपण म्हणतो. "बाळाला मावशीला दिले" असे म्हणत नाही, कारण दोन 'ला' एका वाक्यात आले की कोण कोणाच्या कडेवर गेले ह्याचा घोटाळा होतो. मराठी बोलणारी प्रत्येक आई हा घोटाळा टाळते. तिला त्यासाठी व्याकरणाचे पुस्तक उघडावे लागत नाही.

मग हे आजचे प्रत्यय आले कोठून ? आपल्या शालेय पुस्तकात द्वितीयेचे एकवचनी प्रत्यय 'स, ला, ते' असे सांगितलेले असतात आणि चतुर्थीचेही 'स, ला, ते' असेच. त्यांपैकी 'स' हा त्या जुन्या षष्ठीच्या खुणेचा अवशेष असावा असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. 'ला' ह्याच्या उगमाविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी तो 'लागी' ह्या जुन्या शब्दाशी जोडतात. 'मजलागी', 'तुजलागी' ही रूपे आपल्याला अभंगांतून परिचित आहेतच. ते काहीही असो. मुद्दा असा की प्राकृतात जी चतुर्थी हरवली होती तिच्या जागी मराठीने नवी खूण तयार केली, आणि पुढे तीच खूण सजीव कर्मालाही लावली. "आईने मुलाला दूध दिले" आणि "आईने मुलाला उचलले", ह्या दोन्ही वाक्यांत 'मुलाला' हा शब्द अगदी एकसारखा आहे. पहिल्यात मूल घेणारे आहे, दुसऱ्यात ते स्वतःच उचलले गेले आहे. खूण एक, संबंध दोन.

असे फक्त मराठीतच घडले असे नाही. आपल्या गावाच्या नावातला 'बुद्रुक' हा शब्द फारसी 'बुजुर्ग' म्हणजे मोठा ह्यावरून आला, जसा शेजारच्या अवसरीचा 'खुर्द' म्हणजे धाकटा. त्या फारसी भाषेत 'रा' नावाची एक खूण आहे. जुन्या फारसीत ती घेणाऱ्यालाही लागे आणि प्रत्यक्ष कर्मालाही. आजच्या फारसीत ती बहुतेक प्रत्यक्ष कर्मापुरतीच उरली आहे. माणसांच्या आडनावांप्रमाणे विभक्तीच्या खुणाही घरे बदलतात.

आता इंग्रजीकडे येऊ. आज इंग्रजी नामाला विभक्तीची खूण जवळजवळ नाही, म्हणून ती मुळापासून तशीच असेल असे आपण समजतो. वस्तुस्थिती निराळी आहे. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी आपल्या संस्कृतासारखी प्रत्ययांनी भरलेली होती. 'त्याला मारले' ह्यातील 'त्याला' साठी 'हिने' असे एक रूप होते आणि 'त्याला दिले' ह्यातील 'त्याला' साठी 'हिम्' असे दुसरे. द्वितीया आणि चतुर्थी स्पष्टपणे वेगळ्या होत्या. पुढे शब्दांच्या शेवटच्या अक्षरांचे उच्चार क्षीण होत गेले, उत्तरेकडून आलेल्या लोकांशी मिसळ झाली, १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच भाषा आली. ह्या उलाढालीत पुढच्या काही शतकांत प्रत्यय झडले. 'हिने' नाहीसे झाले आणि त्याचेही काम 'हिम्' करू लागले. आजचे 'हिम' हे मुळात चतुर्थीचे रूप आहे. म्हणजे इंग्रजीतही अखेर एकाच खुणेवर दोन संबंधांचा भार पडला, अगदी आपल्या 'ला' सारखा.

पण सर्वनामांना निदान ही खूण उरली. नामांना तर काहीच उरले नाही. तेव्हा इंग्रजीने दोन उपाय योजले. पहिला उपाय जागेचा. क्रियापदानंतर लगेच घेणारा, त्यानंतर वस्तू : 'आय गेव्ह राम अ बुक.' दुसरा उपाय शब्दयोगी अव्ययाचा. वस्तू आधी, मग 'टु' लावून घेणारा : 'आय गेव्ह अ बुक टु राम.' पहिल्यात खुर्ची आहे, दुसऱ्यात बिल्ला आहे. एकाच वेळी दोन्ही चालत नाहीत. म्हणून 'आय गेव्ह टु राम अ बुक' असे मुलगा म्हणाला तर शिक्षक त्याला अडवितात. त्याला नुसते 'चूक' असे सांगण्याऐवजी, "राम खुर्चीवर बसलेला असता बिल्ला कशाला लावतोस ?" असे विचारले तर ते तो विसरणार नाही.

जुन्या इंग्रजीची आणखी एक आठवण सांगण्यासारखी आहे. आपण म्हणतो, "मला वाटते." येथे वाटणारा 'ला' घेऊन बसला आहे. इंग्रज आज 'आय थिंक' म्हणतो, तो कर्ता होतो. पण शेक्सपिअरच्या नाटकांत 'मीथिंक्स' असा एक शब्द येतो. त्यातील 'मी' हे आपल्या 'मला' सारखे चतुर्थीचे रूप आहे, आणि शब्दाचा अर्थ 'मला वाटते' हाच आहे. 'इफ यू प्लीज' ह्या रोजच्या शब्दप्रयोगातही मुळात 'तुम्हाला रुचत असेल तर' असाच अर्थ होता. म्हणजे एके काळी इंग्रजी माणसालाही 'मला वाटते', 'मला रुचते' अशीच भाषा साहजिक होती. पुढे त्या भाषेने ते वळण सोडले, आपण ठेवले. तेव्हा "मला आंबा आवडतो" ह्याचे इंग्रजी करताना आपल्या मुलाचा 'मला' अडखळला, तर त्यात मुलाच्या बुद्धीचा दोष नाही. दोन भाषा एका वळणावरून निघून दोन वाटांनी गेल्या, एवढेच.

आता ह्या दोन वाटा एकमेकींना भेटल्या त्या प्रसंगाकडे वळू. आपल्या भाषांचे पाश्चात्त्य पद्धतीचे पहिले छापील व्याकरण आपल्या दक्षिणेला, गोव्यात झाले. फादर स्टीफन्स हे इंग्रज धर्मोपदेशक. त्यांनी पोर्तुगीज भाषेत लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. नंतर १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी ह्यांचे मराठीचे इंग्रजी व्याकरण निघाले. वैजनाथ पंडितांची त्यांना मदत होती. लक्षात घ्या, आपली मुले इंग्रजीची दोन कर्मे शिकू लागण्यापूर्वी इंग्रज अधिकारी आपला 'ला' शिकू लागले होते. त्यांनाही तो सोपा गेला नसणार.

१८३६ हे वर्ष मराठी व्याकरणाच्या इतिहासात फार महत्त्वाचे आहे. त्या एका वर्षी दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांचे, गंगाधरशास्त्री फडके ह्यांचे आणि बाळशास्त्री जांभेकर ह्यांचे, अशी तीन मराठी व्याकरणे निघाली. दादोबांचे वय तेव्हा अवघे बावीस होते. मुंबईच्या नव्या शाळांत इंग्रजी शिकून तयार झालेल्या पहिल्या पिढीतले ते. त्यांच्यापुढे दोन नमुने होते. एक संस्कृताचा, ज्यात आठ विभक्तींची चौकट तयार होती. दुसरा इंग्रजीचा, ज्यात लिंडले मरे ह्यांच्या १७९५ च्या पुस्तकाचा त्या काळी शाळाशाळांतून बोलबाला होता. मरे ह्यांनी इंग्रजी नामाला कर्ता, स्वामित्व आणि कर्म अशा तीनच विभक्ती मानल्या होत्या. एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला तीन, आणि मध्ये जिवंत मराठी ! दादोबांनी परिभाषा संस्कृताची ठेवली आणि विषयाची मांडणी बरीचशी इंग्रजी धर्तीची केली. त्यांच्या ह्या ग्रंथाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या, १८६५ मध्ये त्यांचे लघु व्याकरण निघाले, आणि आपल्या शाळांतील व्याकरणाला जे रूप आले ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

दादोबांचे ऋण फार मोठे आहे. पण ह्या दुहेरी वारशामुळे एक अडचणही मागे राहिली. संस्कृताच्या चौकटीमुळे द्वितीया आणि चतुर्थी ही दोन नावे कायम राहिली, आणि मराठीत तर दोघींच्या खुणा एकच. मग विद्यार्थ्याने ओळखावयाचे कसे ? कृष्णशास्त्री चिपळूणकर ह्यांनी 'शालापत्रका'तून मराठी व्याकरणावर निबंध लिहिले ; ते पुढे १८९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले ह्यांनी १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला आणि आधीच्या मतांची कसून छाननी केली. अरविंद मंगरूळकर ह्यांनी १९६४ मध्ये मराठीच्या व्याकरणाचा पुनर्विचार मांडला. कृ. श्री. अर्जुनवाडकर ह्यांनी तर ह्या सगळ्या वादांचा आणि व्याकरणाच्या इतिहासाचा स्वतंत्र ग्रंथांतून परामर्श घेतला. खुणेवरून विभक्ती मोजावी की अर्थावरून, हा त्यातील एक मूळ प्रश्न. एक पक्ष म्हणतो, रूप एक तर विभक्ती एक. दुसरा म्हणतो, अर्थ दोन तर विभक्ती दोन. पंडितांचा हा वाद उद्बोधक आहे. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाने त्याच्या निकालासाठी थांबून राहावे, हे न्यायाचे नाही.

कारण मधल्या काळात इंग्रजीची गरज वाढत गेली. 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' हे नाव ठाऊक नाही असे जुने शिकलेले मराठी घर सापडणे कठीण. मराठी वाक्य घ्यावयाचे आणि त्याचे इंग्रजी करावयाचे, ह्या तऱ्हेने कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. १९५० च्या दशकात मुंबई राज्याच्या धोरणामुळे शाळेतील इंग्रजी आठवीपासून सुरू होई. २००० पासून महाराष्ट्रात ती पहिलीपासून आली. ज्या घरात आई-वडिलांना इंग्रजीचा गंध नाही त्या घरातील मूलही आज सहाव्या वर्षी इंग्रजीपुढे उभे असते. त्याला घरी कोणी समजावून सांगणारे नसते. त्याच्याजवळ एकच भांडवल असते आणि ते म्हणजे त्याची मराठी. ते भांडवल निरुपयोगी आहे असे आपण त्याला भासवतो, हा माझ्या मते खरा दोष आहे.

ह्या भांडवलाचा उपयोग कसा करावा, हे दोन-तीन उदाहरणांनी दाखवितो.

"गुरुजींनी मुलाला खडू दिला, वही दिली, पेन दिले." वाक्यात क्रियापद तीनदा बदलले. कोणामुळे ? खडू, वही, पेन ह्यांच्यामुळे. आता 'मुलाला' काढून 'मुलीला' घाला. क्रियापद हलत नाही. म्हणजे भूतकाळातील कर्मणी प्रयोगात मराठीचे क्रियापद स्वतःच बोट दाखवून सांगते की प्रत्यक्ष कर्म कोणते. निरक्षर आजीसुद्धा "मी नातीला लाडू दिली" असे कधी म्हणत नाही. नात स्त्रीलिंगी असली तरी 'दिला' हे रूप लाडवाचे, हे तिला पक्के माहीत आहे. तिला प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कर्मातला भेद कळत नाही असे कोण म्हणेल ? तिला त्याचे नाव माहीत नाही, एवढेच.

दुसरे उदाहरण मघाचेच. "आईने मुलाला उचलले" आणि "आईने मुलाला दूध दिले." दोन्हीकडे 'ला' आहे, पण इंग्रजीत 'टु' लावून पाहावे. दुसऱ्या वाक्यात 'टु द चाइल्ड' बसते, पहिल्यात बसत नाही. म्हणून पहिल्यातले मूल प्रत्यक्ष कर्म, दुसऱ्यातले अप्रत्यक्ष. येथे इंग्रजीचा 'टु' आपल्या द्वितीया-चतुर्थीचा वाद चटकन मिटवितो. एक भाषा दुसरीला अशी मदत करते.

तिसरे उदाहरण जरा खोलात जाणारे आहे. 'मला हे समजावून सांगा' ह्याचे इंग्रजी आपली मुले 'एक्स्प्लेन मी धिस' असे करतात. 'टेल मी' चालते, 'शो मी' चालते, मग 'एक्स्प्लेन मी' का चालू नये ? त्याचे कारण पुन्हा इतिहासात आहे. 'गिव्ह', 'टेल', 'शो', 'सेंड' ही इंग्रजीची घरची, जुनी क्रियापदे. घेणाऱ्याला खुर्चीवर बसविण्याची रीत त्यांना वारशाने मिळाली आहे. 'एक्स्प्लेन', 'डिस्क्राइब', 'डोनेट', 'सजेस्ट' ही लॅटिनकडून उशिरा आलेली पाहुणे मंडळी. त्यांच्या घरी घेणाऱ्याला बहुधा 'टु' चा बिल्ला लावूनच आत यावे लागते : 'एक्स्प्लेन धिस टु मी.' सर्वच पाहुणे असे परके राहिले नाहीत. फ्रेंचातून आलेले 'पे' आणि मूळ लॅटिनचे 'ऑफर' आता घरचेच झाले आहेत, म्हणून तर धनादेशावर 'पे' नंतर लगेच नाव लिहिता येते. हे कारण कळले की नियम पाठ करण्याचा शीण कमी होतो.

आणि घोडेगावला दिलेल्या मुलीचे काय ? 'वी गेव्ह घोडेगाव अवर डॉटर' असे इंग्रजी केले तर ऐकणारा गोंधळेल. इंग्रजीत त्या खुर्चीवर तोच बसू शकतो ज्याला वस्तू स्वीकारता येते. 'पुण्याला पत्र पाठविले' ह्यात पुणे ठिकाण आहे, म्हणून 'टु' लावूनच म्हणावे लागते. 'मामाला पत्र पाठविले' ह्यात मामा घेणारा आहे, म्हणून त्याला खुर्चीही मिळते. आपला 'ला' घेणाऱ्याला आणि ठिकाणाला सारखेच सामावून घेतो. जुन्नरच्या लेखातील 'संघे' हे रूपही असेच घेणारा आणि ठिकाण ह्यांच्या सीमेवर उभे आहे.

येथे कोणी विचारील, ह्या बारकाव्यांशिवाय आमचे काय अडते ? परीक्षेतले दोन-चार गुण जातील, जाऊ देत. माझे उत्तर असे की हा केवळ गुणांचा प्रश्न नाही. आपल्या जुन्या खरेदीखतांत आणि गहाणखतांत 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे दोन पक्ष आरंभीच स्पष्ट करण्याची रीत आहे. ज्यांनी ही रीत घातली त्यांना ठाऊक होते की कोणी दिले, काय दिले आणि कोणाला दिले, ह्या तीन गोष्टी शब्दांत निःसंदिग्ध राहिल्या नाहीत तर पुढच्या पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतील. आज तेच करार, तेच अर्ज, तीच नोकरीची पत्रे पुष्कळदा इंग्रजीत येतात. त्या वाक्यातील देणारा आणि घेणारा ज्याला ओळखता येत नाही, तो दुसऱ्याच्या सांगण्यावर सही करतो. शेतकऱ्याच्या मुलाला हे वाक्य स्वतः वाचता आले पाहिजे. त्यासाठी त्याने साहेबासारखे बोलण्याची आवश्यकता नाही ; वाक्यात कोणाच्या हातून काय निघाले आणि ते कोणाच्या हातात पडले, एवढे त्याला निश्चित कळले पाहिजे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. इंग्रजीची दोन कर्मे शिकविताना व्याख्येपासून आरंभ करू नये. मुलांच्या मराठीपासून करावा. आधी तीन प्रश्न विचारावेत : कोणी दिले, काय दिले, कोणाला दिले. ही उत्तरे प्रत्येक मूल बिनचूक देते. मग मराठी ह्या तिघांना कशाने ओळखविते आणि इंग्रजी कशाने, हे दाखवावे. प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष ही नावे सर्वांत शेवटी द्यावीत. आणि पालकांना विनंती अशी की मुलाची इंग्रजी अडली म्हणून त्याची मराठी बंद करू नये. त्याच मराठीत वररुचीच्या प्राकृताचा, नाणेघाटातील 'धंमस'चा आणि आपल्या आजीच्या अचूक बोलण्याचा वारसा आहे. तिच्या आधाराने इंग्रजीच काय, कोणतीही भाषा शिकता येते.

 उद्या कोणाच्या घरी धनादेश आला, तर तो पेटीत ठेवण्यापूर्वी एकदा शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हाती द्यावा आणि त्यातील दोन कर्मे त्याला शोधावयास सांगावीत. इतके सांगून मी आपली रजा घेतो.